कातडीं कमावणाऱ्याचें घर

(आमच्या गांवच्या कातडीं कमावणाऱ्या मंडळींच्या वस्तींत रविवारीं सायंकाळीं दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यान म्हटलें म्हणजे टेबल, खुर्ची, हार आणि पाण्याचा पेला लागतो अशी समजूत आहे. येथें त्यांतलें कांहींच नाहीं, तें बरें झालें. आम्ही पुढारी नव्हे, पंडित तर नव्हेच. मराठी ट्रेनिंग कॉलेजांत जीं चार अक्षरें पदरांत पडलीं तीं वीस वर्षें खेड्यांतल्या पोरांपुढें मांडीत आलों, एवढीच आमची पुंजी. तेव्हां जें सांगावयाचें तें सरळ सांगतों. मध्येंच कोणास कांहीं विचारावयाचें असेल तर खुशाल विचारावें.

गेल्या आठवड्यांत या वस्तींतले एक गृहस्थ आमच्या दाराशीं आले. आंत या, बसा, म्हटलें तरी उंबऱ्याबाहेरच उभे. म्हणाले, "गुरुजी, पोराला शाळेंतून काढतों. तुम्हांला न सांगतां काढूं नये म्हणून आलों." पोरगा हुशार. आमच्याच हाताखालून गेलेला. आतां तालुक्याच्या गांवीं मोठ्या शाळेंत जातो. खोदून खोदून विचारलें तेव्हां कळलें तें असें कीं, तो वर्गांत शिरला कीं एक पोर नाक दाबतें आणि मग सगळा बाक हंसतो. तुझ्या दप्तराला कुंडाचा वास येतो, म्हणतात. शाळेंत एक कागद भरून द्यावयाचा होता, त्यांत बापाचा धंदा लिहावयाचा होता. त्यानें 'शेती' असें लिहिलें. जमीन तर एक गुंठा नाहीं! आणि घरीं येऊन रडला कीं आपण खोटें लिहिलें.

त्या शाळेचें नांव आम्ही घेत नाहीं. नांव घेण्यास आम्हांस तोंडही नाहीं. नोकरीच्या पहिल्या वर्षीं आम्हींच या वस्तीच्या मुलांना खिडकीजवळ वेगळें बसविलें होतें, आणि कोणी विचारलें तर 'वारा लागावा म्हणून' असें सांगत होतों. वारा कोणाला लागावा म्हणून, तें तुम्ही ओळखलेंच असेल. त्यांतलीं दोन मुलें आज बापे होऊन येथें समोर बसलीं आहेत. त्यांनीं आम्हांस कधीं बोलून दाखविलें नाहीं. आज आम्हीच बोलून दाखवितों.

तर त्या गृहस्थांस आम्हीं म्हटलें, रविवारपर्यंत थांबा. एका घराची हकीकत सांगावयाची आहे, ती ऐका आणि मग काय तें ठरवा.

हें घर आपल्या मुलखांतलें नाहीं. फ्रान्स देशाच्या पूर्व अंगाला, स्वित्झर्लंडच्या बाजूस, जुरा म्हणून डोंगराळ प्रदेश आहे. द्राक्षाचे मळे, ओक नांवाच्या झाडांचीं रानें, दुभतीं जनावरें, असा तो मुलूख. तेथें आर्ब्वा नांवाचें लहानसें गांव आहे. गांवांतून क्विझांस नदी वाहते, आणि नदीच्या अगदीं काठाला हें घर उभें आहे. आज तें जपून ठेविलें असून दूरदूरचे लोक तें पाहावयास जातात. आम्ही डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. मास्तराच्या पगारांत फ्रान्स कोठलें! पण त्याविषयीं मिळालें तेवढें वाचलें आहे आणि छायाचित्रें पाहिलीं आहेत.

घर लुई पाश्चर याचें. दुधाच्या पिशवीवर 'पाश्चराइज्ड' असा शब्द छापलेला असतो, तो याच्याच नांवावरून. नासणें, आंबणें, कुजणें हीं कामें डोळ्यांस न दिसणारे जीव करतात, आणि पुष्कळसे रोगही तेच आणतात, हें जगाच्या गळीं उतरविणाऱ्यांत तो पहिल्या रांगेंतला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस काढून ती माणसाला टोचविणारा तोच. आणि हा कोणाचा मुलगा? जाँ-जोसेफ पाश्चर या कातडीं कमावणाऱ्याचा. हें घर म्हणजे सरदाराचा वाडा नव्हे. बापाचा कातड्याचा कारखाना आणि त्यालाच लागून राहण्याच्या खोल्या.

घराण्याची हकीकत आणखी मागें जाते. लुईचा पणजा क्लोद-एतियेन हा एका सरदाराचा बांधील माणूस. आपल्याकडे खंडानें जमीन करणारें कूळ असतें तसें नव्हे; जन्मापासूनच धन्याचा बांधलेला. १७६३ सालीं त्यानें चार सोन्याचीं नाणीं मोजून स्वतःला आणि आपल्या वंशाला सोडवून घेतलें. तोही कातडींच कमावीत असे. म्हणजे त्या घराण्याची सुटका झाली ती कातड्याच्या कामावर. लुईचा आजा कातडीं कमावणारा, बापही तोच धंदा करणारा. बाप मध्यंतरीं नेपोलियन बादशहाच्या फौजेंत गेला, स्पेनच्या लढाईंत लढला, सार्जंट-मेजर झाला, छातीवर मानाचें पदक मिळवून आला. बादशहा पडला, फौज मोडली, आणि हा गडी परत येऊन कुंडाशीं उभा राहिला. त्याची बायको माळीकाम करणाऱ्या घराण्यांतली. त्या दोघांच्या पोटीं लुई २७ डिसेंबर १८२२ रोजीं दोल या गांवीं जन्मला. ज्या गल्लींत जन्मला तिचें नांवच कातडीं कमावणाऱ्यांची गल्ली असें होतें. आज तिला त्याचें नांव दिलें आहे. तें जन्मघरही राखून ठेविलें असून तळघरांतली कमावण्याची जागा अजून दाखवितात. पोर लहान असतांनाच मंडळी दोल सोडून निघाली आणि शेवटीं आर्ब्वाच्या या नदीकाठच्या घरांत स्थिरावली.

त्या घरांत काम कसें चाले, हें दुसऱ्या सभेंत सांगावें लागलें असतें. येथें तुम्ही आम्हांलाच शिकवाल. कच्चें कातडें आधीं पाण्यांत भिजत घालावयाचें. घर नदीला चिकटून कां, तें यावरून कळतें. मग चुन्याच्या हौदांत. मग दोन्ही हातांनीं धरावयाच्या बाकदार सुरीनें केंस आणि मांस खरडून काढावयाचें. मग खड्ड्यांत एक थर कातड्याचा, एक थर ओकाच्या सालीच्या भुकटीचा, असें रचून महिनेच्या महिने मुरत ठेवावयाचें. तुमच्याकडे ओकाच्या जागीं बाभळीची आणि तरवडाची साल, शिवाय हिरडा. चुना तोच, पाणी तेंच, आणि वासही तोच.

सालींतला तुरट अर्क कातड्याच्या तंतूंना धरून बसतो, मग कुजविणाऱ्या जंतूंना तेथें थारा मिळत नाहीं. थोडक्यांत, कातडें कमावणें म्हणजे कुजणें थांबविणें. मोट, नाडा, पखाल, वहाण हीं सारीं त्या थांबविण्याचीं फळें. मोटा गेल्या आणि इंजिनें आलीं तरी वहाण कोणाची सुटलेली नाहीं. आतां पाश्चरनें जन्मभर कशाचा शोध केला? दारू कां बिघडते, दूध कां नासतें, मांस कां कुजतें, जखम कां चिघळते याचा. हें त्याला बापाच्या कुंडावरून सुचलें असें आम्ही म्हणणार नाहीं. तसें कोठें वाचलेलें नाहीं. पण ज्या अंगणांत तो रांगला त्या अंगणांत रोज कुजण्याशींच झुंज चालली होती, एवढें खरें.

लहानपणीं तो फार मोठा विद्यार्थी वगैरे कांहीं नव्हता. चित्रें मात्र सुरेख काढी. तेरा वर्षांचा असतां त्यानें आईचें रंगीत खडूंनीं काढलेलें चित्र आजही आहे: डोक्याला पांढरी टोपी, अंगावर चौकड्यांची शाल, आणि नजर अशी कीं आतां कामाला हांक मारील. शेजाऱ्यापाजाऱ्यांचींही चित्रें त्यानें काढलीं. बापाची इच्छा एवढीच कीं पोरगा शिकून याच गांवच्या शाळेंत मास्तर व्हावा. तेथील हेडमास्तरांचें नांव रोमाने. या गृहस्थानें पोरगा हेरला. शाळेच्या पटांगणांत त्याला बरोबर घेऊन फेऱ्या मारी आणि पॅरिसच्या मोठ्या विद्यालयाच्या गोष्टी सांगे. आम्ही मास्तर असल्यामुळें या ठिकाणीं थोडे रेंगाळतों, क्षमा असावी. रोमाने हें नांव जगाला माहीत नाहीं. पण त्यानें त्या पोराला खिडकीजवळ वेगळें बसविलें असतें तर?

१८३८ सालच्या ऑक्टोबरांत बापानें त्याला पॅरिसला धाडलें. वय पंधरा पुरीं. बरोबर गांवचाच एक सोबती. आणि आतां जें सांगतों तें नीट ऐका. पॅरिसांत पोराचें चित्त लागेना. जेवण जाईना, झोंप येईना. सोबत्याजवळ तो म्हणे कीं, आपल्या कातड्यांच्या अंगणाचा वास एकदां मिळाला तर मी बरा होईन!

मागें कोण हंसलें? हंसा, हंसण्यासारखेंच आहे. जगांतल्या सर्वांत नटव्या शहरांत बसून हा पोरगा कुंडाच्या वासासाठीं झुरत होता. त्याला तो वास म्हणजे घर, आई, बापाचे ओले हात. वासांत लाज असते हें त्याला कोणीं शिकविलेंच नव्हतें.

महिन्याभरानें बाप पॅरिसला आला. रागावला नाहीं, उपदेश केला नाहीं. तुला न्यावयास आलों आहें, एवढेंच म्हणाला आणि घेऊन गेला. खर्च बुडाला, गांवांत चार लोक बोलले असतील. बापानें तें मनावर घेतलें नाहीं. पोरगा घरीं आला, पुन्हां रंगाचे खडू हातीं धरले, आणि मन ठिकाणावर आल्यावर जवळच्या बेझांसों या शहरांत शिकावयास गेला. तेथें शिकतां शिकतां खालच्या मुलांवर देखरेखीचें काम मिळालें: जेवणखाण, राहणें आणि वर्षाला ३०० फ्रँक. पहिला पैसा हातीं पडतांच त्यानें घरीं लिहिलें कीं धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा खर्च मी करतों. आईबापांनीं तो घेतला नाहीं, ती गोष्ट वेगळी. पण भगिनींनो, लिहिलें काय तें लक्षांत घ्या. पुढें १८४२ च्या परीक्षेंत रसायनाच्या विषयांत त्याला 'मध्यम' असा शेरा मिळाला. ज्या विषयांत त्यानें पुढें नांव काढलें, त्याच विषयांत! आम्ही मास्तर लोक शेरे मारतों ते जरा जपून मारावेत. १८४३ सालीं पॅरिसच्या त्या मोठ्या विद्यालयांत तो दाखल झाला.

या घरांतली आम्हांस सर्वांत आवडणारी गोष्ट पाश्चरची नाहीं, त्याच्या बापाची आहे. पोरगा पॅरिसला शिकत असतां हा जुना शिपाई दिवसभर कातडीं खरडून रात्रीं दिव्याशीं बसे आणि व्याकरण व हिशेब शिके. पोरानें युक्ति अशी केली कीं, तुम्हीं शिका असें बापास न म्हणतां, बहिणीला शिकवितां यावें म्हणून पाठ पाठवितों, असें लिहावें. बाप उत्तरें सोडवून टपालानें पाठवी. म्हातारपणीं पोराच्या हाताखालीं शिकण्यास त्याला कमीपणा वाटला नाहीं. आमच्या रात्रीच्या वर्गास या वस्तींतून तिघेच येतात; बाकीचे म्हणतात आतां काय शिकावयाचें! असो.

पाश्चर मोठा झाला, नांवाजला, तरी सुट्टी लागली कीं याच गांवीं येई. १८६४ सालीं दारू कशानें बिघडते याचा तपास करण्यासाठीं तो आपले शिष्य घेऊन आर्ब्वास आला. प्रयोगशाळा कोठें केली? गांवांतल्या एका जुन्या कॉफीच्या दुकानांत. दारावरची पाटी तशीच राहिलेली. वाटसरू आंत शिरून खाण्यापिण्यास मागत आणि कांचेच्या नळ्या बघून उलटे पाय काढीत. उपकरणें पॅरिसहून मागविलीं नाहींत. गांवच्या सुतारानें, पत्र्याचें काम करणाऱ्यानें आणि लोहारानें करून दिलीं. पन्नास-साठ अंश तापवून दारूंतले जंतू मारावयाचे, ही जी रीत पुढें दुधाला लागू झाली, तिच्या मुळाशीं या गांवढ्या कारागिरांचीं हत्यारें आहेत. सुतार मंडळी आज येथें कोणी आली नाहीं. आलेल्यांनीं त्यांना जाऊन सांगावें.

१८६५ सालीं बाप वारला. घरांत बहीण आणि मेहुणे यांनीं धंदा चालू ठेविला. पुढें पाश्चरनें घर वाढविलें, वर स्वतःची प्रयोगशाळा थाटली. ती अजून आहे: कांचेचीं भांडीं, लिहिण्याचें टेबल, जंतू वाढविण्यासाठीं ऊब राखणारी कोठडी. सुट्टींत गांवचे लोक दाराशीं येत. कोणाची दारू आंबलेली, कोणाचें पोर आजारी. वास्तविक हा माणूस डॉक्टर नव्हता, रसायनशास्त्री होता; पण लोकांस वाटे कीं फुकट औषध देणारा मोठा वैद्य आला आहे.

आपलें घर मात्र त्याला वांचवितां आलें नाहीं. १८५९ सालीं त्याची नऊ वर्षांची थोरली मुलगी आर्ब्वास आजोबांकडे आली असतां विषमज्वरानें गेली. १८६५ त दोन वर्षांची धाकटी गेली. १८६६ त बारा वर्षांची मधली, तीही विषमज्वरानें. पांच लेंकरांतलीं तीन गेलीं. मग १८६८ त त्याच्या स्वतःच्या डाव्या अंगावरून वारें गेलें, आणि फाशी, कोंबड्यांचा कॉलरा, पिसाळणें यांवरचें सगळें काम त्यानें त्या लुळ्या अंगानिशीं केलें.

फाशी हा शब्द निघाला तेव्हां धंद्याची एक गोष्ट सांगून टाकतों. फाशीनें जनावर उभ्या उभ्या कोसळतें, नाकातोंडावाटे काळसर रक्त येतें. १८८१ च्या उन्हाळ्यांत पुयी-ल-फोर या खेड्यांत पाश्चरनें चारचौघांदेखत मेंढरांचे दोन कळप केले. एकाला लस टोचली, एकाला नाहीं. मग दोन्हींना रोग दिला. २ जूनला लोक पाहावयास आले तेव्हां टोचलेलीं मेंढरें उभीं होतीं आणि न टोचलेलीं मेलीं होतीं किंवा मरणाच्या दारांत होतीं. येथें एक खरी गोष्ट लपवूं नये. त्या लशींत त्याच्या सहकाऱ्याची रीत वापरली होती, आणि पाश्चरनें लोकांचा समज दुसराच होऊं दिला. त्याच्या वह्या पुढें उघडल्या गेल्या तेव्हां हें बाहेर आलें. मोठा माणूस, पण मानाची हांव त्यालाही सुटली नव्हती. लस मात्र खरी होती.

त्यानेंच असेंही दाखविलें कीं, फाशीनें मेलेलें जनावर पुरलें तरी त्या रोगाचें बीं जमिनींत राहतें आणि गांडुळें तें वर आणतात. मग तेथें चरणारीं गुरें मरतात. हें बीं वर्षानुवर्षें जिवंत राहतें, आणि कातडें काढणाऱ्याच्या हाताच्या चिरेंतून त्याच्या अंगांत शिरतें. काळी पुळी येते ती त्याचीच. म्हणून हात जोडून सांगतों, असें एकाएकीं मेलेलें जनावर कोणी दिलें तर चार पैशांच्या लोभानें त्याला सुरी लावूं नका. जनावरांच्या डॉक्टरास कळवा, तो सांगेल तसें खोल पुरा, आणि धनी रागावला तर त्याला आमच्याकडे पाठवा. जनावर त्याचें असलें तरी हात तुमचे आहेत.

आतां मघांपासून ज्यांच्या तोंडावर एक प्रश्न दिसतो आहे त्या तात्यांकडे वळतों. परवां त्यांना ही हकीकत थोडी सांगितली तेव्हां त्यांनीं विचारलें, "गुरुजी, त्या पोराला पाणी कोणी वरून वाढलें होतें काय?"

नाहीं, तात्या. नव्हतें वाढलें. तेथें कातड्याचा वास होता, पण विटाळ नव्हता. बाप कातडीं कमावी, आणि छातीवर पदक लावून गांवांत मानानें हिंडे. पोरगा शाळेंत इतरांच्या बाकावर बसे. आपल्याकडे शंभर वर्षें पोरांना दाराबाहेर बसविलें. १९५० सालीं राज्यघटनेनें अस्पृश्यता नाहींशी केली. वर्गांतलें नाक अजून दाबलें जातेंच. म्हणून, पाश्चर झाला तसा तुमचाही पोरगा होईल, असलें गोड बोलणें आम्ही बोलणार नाहीं. तें खोटें होईल. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, वासाला दोष देऊन जे पोराला बाहेर काढतात ते खोटें बोलतात. वास आर्ब्वालाही होता. आड आलें तें दुसरेंच कांहीं.

पिसाळल्या कुत्र्याची हकीकत थोडक्यांत. १८३१ सालीं, लुई आठ वर्षांचा असतां, एक पिसाळलेला लांडगा आर्ब्वाच्या बाजूनें माणसांस चावत गेला. चावलेल्यांना या घराजवळच्या लोहाराच्या भट्टींत तापविलेल्या सळयांनीं डागलें. त्यांच्या किंकाळ्या त्या पोरानें ऐकल्या. तरी कित्येक मेले. चौपन्न वर्षांनीं, ६ जुलै १८८५ रोजीं, जोसेफ मायस्टर हा नऊ वर्षांचा पोर त्याच्याकडे आणला. भाकरी भाजणाऱ्याचा मुलगा, अंगावर चौदा चावे. पाश्चर डॉक्टर नसल्यामुळें टोचणी डॉक्टर ग्रांशे यानें केली. दहा-अकरा दिवसांत तेरा टोचण्या झाल्या, पोर वांचलें.

दुसरा आला तो आर्ब्वाच्या जवळच्याच व्हिलेर-फार्ले गांवचा मेंढपाळ पोर, जाँ-बातीस्त झुपीय, वय पंधरा. लहान पोरांवर पिसाळलेलें कुत्रें धांवलें तेव्हां हा पुढें झाला. चाबकाच्या वादीनें त्याचें तोंड बांधलें आणि पायांतल्या लांकडी जोड्यानें त्याला ठेचलें. हात मात्र फाडून घेतले. गांवच्या मेयरनें पाश्चरला लिहिलें. चावल्यावर सहा दिवसांनीं टोचणी सुरू झाली, आणि तोही वांचला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या आवारांत या मेंढपाळाचा पुतळा आहे. ती संस्था १४ नोव्हेंबर १८८८ रोजीं लोकवर्गणींतून उघडली.

कुत्रें चावलें तर हळद, मिरची, मंत्र, तोडगा कांहीं करूं नका. पंधरा मिनिटें वाहत्या पाण्याखालीं साबणानें जखम धुवा आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस टोचून घ्या. सांगतील तितक्या वेळां, एकही न चुकवितां. रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर मग जवळजवळ कोणी वांचत नाहीं.

त्याच पॅरिसच्या संस्थेंत काम केलेला हाफकिन १८९६ सालीं प्लेगासाठीं मुंबईस आला, आणि तेथें लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती आधीं स्वतःला टोचून घेतली. त्याच प्लेगांत, दोन महिन्यांनीं, १० मार्चला, पुण्यास रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाई फुले गेल्या. परळच्या हाफकिन संस्थेचें नांव तुम्ही ऐकलें असेल. आर्ब्वाच्या त्या घराचा धागा असा आपल्या दारापर्यंत येतो.

आतां शेवटचें. १४ जुलै १८८३ रोजीं दोल गांवच्या लोकांनीं त्या कातड्यांच्या गल्लींतल्या जन्मघरावर पाटी बसविली. पाश्चर स्वतः हजर होता. साठीचा, जगभर गाजलेला माणूस. बोलावयास उभा राहिला तेव्हां शोधांविषयीं बोलला नाहीं, आईबापांविषयीं बोलला. जें कांहीं आपण आहों तें त्यांचें देणें आहे असें सांगतांना त्याला रडूं आवरेना. पाटी ज्या भिंतीवर लागली तिच्याखालीं कातडीं कमावण्याचें तळघर होतें, आणि तें त्यानें कोणापासून लपविलें नाहीं.

त्या कागदावर पोरानें 'शेती' लिहिलें आहे. तो शब्द तसाच ठेवावा कीं खोडावा, हें आम्ही त्याला सांगणार नाहीं. तो चौदा वर्षांचा आहे, त्याचें तो ठरवील. आम्ही उद्यां त्याच्याबरोबर तालुक्याच्या शाळेंत जाणार आहों. हेडमास्तरांना भेटावयाचें आहे, आणि जमल्यास त्या वर्गापुढें पंधरा मिनिटें उभें राहून हीच हकीकत सांगावयाची आहे. गाडी साडेसातला थांब्यावर येते. पोराच्या वडिलांनींही यावें, अशी आमची विनंती आहे. हेडमास्तरांच्या खोलींत खुर्च्या आहेत. त्यांनीं आमच्याशेजारीं आंत येऊन बसावें.